प्लास्टरच्या मुठीची सुरी

"दुखलं तर सांग हं."

एवढं म्हणून काका ठोका मारायचे. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, दुसऱ्याची काळजी करणारी माणसं असतात. असतात ना. पण काकांच्या समोर माणूस नसायचा. लाकूड असायचं. आंब्याची वाळकी फांदी, फणसाचा तुकडा, कधी कुणाच्या मोडक्या स्टुलाचा पाय. काका ते जमिनीवर उभं धरायचे, त्याच्या डोक्यावर सुरीची धार टेकवायचे, मान तिरकी करून त्याच्याकडे बघायचे आणि हे वाक्य म्हणायचे. लाकडाकडून काही तक्रार आली नाही, की दुसऱ्या हातातल्या दांडक्याने सुरीच्या पाठीवर ठोका. टक. मग आणखी एक. टक. सुरी हळूहळू आत उतरायची आणि लाकूड मधोमध उलगडून दोन बाजूंना आडवं पडायचं.

"बघितलंस?" काका मला म्हणायचे. "हूं नाय की चूं नाय. शहाणं पेशंट."

काका चौतीस वर्षं परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत कामाला होते. हाडं जोडायचे डॉक्टर, नाव व्हायचं डॉक्टरांचं. पण सहा आठवड्यांनी ते दगडासारखं प्लास्टर कापून आतला हात धडपणी बाहेर काढायचा, हे काम काकांचं. करवतीच्या आवाजानेच लोक अर्धमेले व्हायचे, म्हणून काका प्रत्येकाला आधी हे वाक्य म्हणायचे. माणूस रिटायर झाला, वाक्य काही झालं नाही. दुधी चिरताना म्हणायचे, फणस फोडताना म्हणायचे. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला केक कापायचा मान काकांना दिला, तर केकलाही म्हणाले.

मला स्वतःला हे वाक्य चौथीत असताना मिळालं. आमच्या चाळीच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत येताना मी वाटेत कठडा सोडला आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी बाबांनी मला त्या खोलीत नेलं. शेजारचे काका पांढऱ्या डगल्यात बघून मला आधी बरं वाटलं, मग त्यांच्या हातातली करवत दिसली. ते म्हणाले, "दुखलं तर सांग हं," आणि मी अशी बोंब ठोकली की बाहेरच्या रांगेतले दोघे उठून घरी गेले.

"अरे मेल्या," काका म्हणाले, "अजून चालू पण नाय केली. ॲडव्हान्समध्ये कशाला ओरडतोस?"

बाबा हसून हसून बाकावर बसले. मी त्या दिवसापासून काकांवर डूख धरून होतो. तो पुढे बरीच वर्षं टिकला, आणि मोडला तो कसा, तेच तर सांगायचं आहे.

आधी सुरी. सुरी म्हणजे तुमच्या आमच्या घरातली टोमॅटो चिरायची सुरी डोळ्यांसमोर आणू नका. वीतभर लांब पातं, आणि पाठ दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढी जाड. गावच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलेली. पातं मुठीच्या आतून पार शेवटच्या टोकापर्यंत सलग गेलेलं. मिटणाऱ्या सुरीवर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. "जी स्वतःच मधे मोडते, ती लाकूड काय मोडणार?" असं ते विचारायचे.

पण खरी गंमत मुठीत. मूठ प्लास्टरची होती. दर दसऱ्याला काका जुनं प्लास्टर फोडून काढायचे, मेडिकलमधून नवी पट्टी आणायचे, भिजवून मुठीभोवती गुंडाळायचे आणि ओली असतानाच सुरी घट्ट धरून बसायचे. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत फोन आला तर काकू त्यांच्या कानाला धरायच्या, नाक खाजलं तर नाकही काकूच खाजवायच्या. वाळल्यावर मुठीवर काकांच्या चार बोटांचे चार खड्डे आणि अंगठ्याचा एक. मग सुरीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. चाळीत बाकीचे लोक मोटारसायकली पुजत होते, हा माणूस प्लास्टर घातलेली सुरी पुजत होता. "आता ही दुसऱ्या कुणाच्या हातात बसायची नाय," काका म्हणायचे. कुणी मागतच नव्हतं.

एवढी सगळी तयारी कशासाठी? बादलीभर पाण्यासाठी. काकूंच्या आंघोळीच्या.

काका रिटायर झाले आणि दोनेक महिन्यांत काकूंचे गुडघे धरले. मलम झालं, गोळ्या झाल्या. शेवटी काकूंनीच जाहीर केलं की गिझरचं पाणी अंगावरून नुसतं वाहून जातं, लाकडावर तापलेलं पाणीच आत मुरतं. माहेरी तसंच होतं म्हणे. झालं. दुसऱ्या दिवशी चाळीच्या मागे, जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून जी चिंचोळी पट्टी होती, तिथे तीन दगड आले आणि तांब्याचा हंडा आला.

कुऱ्हाड का नाही घेत, असं मी एकदा विचारायची चूक केली. काकांनी मला पायरीवर बसवून समजावलं. "कुऱ्हाड म्हणजे ऑपरेशन. आपण प्लास्टरवाले. आपण विचारून कापतो." मग नियम. रंग दिलेलं लाकूड जाळायचं नाही, धूर छातीत बसतो. गणपतीच्या मांडवाचा फळकुटांचा ढीग लोक फुकट द्यायला आणायचे, काका हात जोडून परत पाठवायचे. गाठ आली की तिच्याशी भांडायचं नाही, "ते हाड समज, बाजूने जा." आणि मांडीच्या दिशेने सुरी कधी ओढायची नाही. "मी त्या मांड्या पाहिल्यात," काका म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे आपल्याला पुढे विचारायचं धाडस होऊ नये.

मोठं लाकूड फोडून मधलं, मधलं फोडून बोटभर जाडीच्या कांबी. मग शेवटच्या कांबीचा नवरदेव. हा शब्द काकांचाच. कांबीवरून सुरी हलकी चालवत ते पातळ पापुद्रा काढत आणायचे, पण टोकाला तोडायचे नाहीत. तो वळून तिथेच लटकायचा. असे दहा-बारा झाले की कांबीच्या डोक्यावर कुरळ्या पापुद्र्यांचा झुपका. "मुंडावळ्या बांधल्या," काका म्हणायचे, "आता बोहल्यावर चढवू." नवरदेव तीन दगडांच्या मधे उभा राहायचा, भोवती वऱ्हाडी कांबी, आणि काका काडी ओढायचे. एक काडी. फक्त एक.

"आणि दुसरी लागली तर?" मी विचारलं.

"तर मुलीकडचे नाय म्हणतात," काका गंभीरपणे म्हणाले.

पाण्याला कढ आला की हाळी जायची, "पाणी तापला गो!" ही हाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसाठी असली तरी ऐकायची अख्खी चाळ. लोक त्या हाळीवर घड्याळ लावायचे. मग काकू एका पायाने लंगडत जिन्यात यायच्या, काका बादली घेऊन वर चढायचे. हसायचे सगळे. आणि अंग कसकसलं की अर्धी बादली मागायलाही सगळेच यायचे. मी पण गेलोय, खोटं कशाला बोलू.

मग चाळ पडली, काही वर्षं सगळ्यांनी संक्रमण शिबिरात काढली, काकांची चूल आणि सातची हाळी तिथेही सोबत आली, आणि चाळीच्या जागी आमचा एकवीस मजली टॉवर उभा राहिला. काकाकाकू अकराव्यावर, मी नवव्यावर. सोसायटी झाली आणि तिचा सेक्रेटरी मी झालो. का, तर सभेच्या दिवशी मी जरा उशिरा पोचलो. उशिरा येणाऱ्याला आपल्याकडे पद देतात.

चावी मिळाल्याच्या दिवशीच काका माझ्या दारात. "सेक्रेटरी, चूल कुठे मांडायची?"

मी चक्रावलो. "काका, गिझर आहे ना प्रत्येक बाथरूमला."

"तो तुझ्यासाठी. हिच्या गुडघ्यांचं काय?"

मी नियमांचं पुस्तक काढलं. हो, पुस्तक होतं, आणि मी ते वाचलंही होतं, असा मी माणूस. बाल्कनीत नाही, गच्चीवर नाही, आवारात नाही. काका शांतपणे ऐकत होते. जाताना फक्त म्हणाले, "बरं. बघतो मी."

हे 'बघतो मी' ऐकून मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता मी अर्ध्या गालाची दाढी केली असताना आगीची घंटा वाजली. लिफ्ट बंद. जिन्यात हा गोंधळ! आग लागली की माणूस सगळ्यात मोलाची वस्तू उचलतो म्हणतात. आमचे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले भारदस्त गृहस्थ, लोणच्याची बरणी पोटाशी धरून उतरत होते. मी कंबरेला टॉवेल गुंडाळून हातात काय घेतलं असेल? टीव्हीचा रिमोट. का ते मला आजही सांगता येणार नाही.

सगळी बिल्डिंग खाली धावतेय आणि खालून एकच माणूस वर चढतोय. काका. हातात वाफाळणारी बादली. "सरका, सरका, पाणी निवतंय!"

लोक थबकले. एवढा वयस्क माणूस एकटा बादली घेऊन आग विझवायला वर निघालाय! कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या जिन्याने वाजवली. चेअरमनांनी बरणी काखेत मारून नमस्कार केला. काकांना काही कळेना, पण त्यांनी मान लववून नमस्कार स्वीकारला आणि अकराव्याकडे चालू लागले.

मीच एकटा नाक वर करून उभा राहिलो. तो वास मी ओळखत होतो. आंब्याच्या लाकडाचा.

तुमच्या बिल्डिंगमध्येही असेल तो मजला. आगीच्या वेळी लोकांनी जमायचा, एका बाजूने मोकळा ठेवलेला. आमचा आठव्यावर आहे. तिथे मधोमध तीन दगड होते, दगडांवर हंडा होता आणि बाजूला नीट रचून ठेवलेल्या उद्याच्या कांबी. एक जळालेली काडी. एकच.

"एवढी मोकळी जागा," काका सभेत म्हणाले, "वारा छान, राहायला कोणी नाय. मला वाटलं चुलीसाठीच सोडलीय."

सभा चार तास चालली असती, पण चेअरमनांना नमस्कार केल्याचा राग आला होता, त्यामुळे पंधरा मिनिटांत निकाल लागला. इमारतीत कुठेही आग पेटवायची नाही, आणि सुरी सोसायटीच्या ऑफिसात जमा करायची. जमा करून घ्यायची कुणी? सेक्रेटरीने.

मी अकराव्यावर गेलो तेव्हा काकांनी सुरी कापसाच्या पट्टीत गुंडाळून तयार ठेवली होती. माझ्या हातात देताना त्यांनी पट्टीवरून एकदा हात फिरवला. "धार लावलीय कालच. जपून," म्हणाले. आणि मग सवयीने, "दुखलं तर सांग हं." हे मला म्हणाले की सुरीला, कुणास ठाऊक. मी जिन्यानेच खाली आलो. लिफ्टमध्ये कुणी भेटू नये असं वाटत होतं.

सुरी ऑफिसच्या कपाटात कॅरमच्या पावडरीशेजारी पडली. महिना गेला. काका खाली आवारात बाकावर बसलेले दिसायचे, हात मांडीवर उताणे ठेवून. मी समोरून गेलो तर मुद्दाम मान वळवत नसत, उलट हसायचे. ते जास्त झोंबायचं. सात वाजता हाळी येत नव्हती. माझी एक बस रोज चुकायला लागली.

मग एका रविवारी दुपारी काकू आमच्याकडे आल्या. येताना लंगडत नव्हत्या हे माझ्या लक्षात आलं. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी एक गोधडी काढली. मधोमध, उभी, या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलेली. एकदम सरळ रेषेत.

"ह्यांनी," काकू म्हणाल्या. "झोपेत. कात्री उशाला होती माझी शिवणाची."

मी दोन्ही तुकडे उचलून जुळवून बघितले.

"रिटायर झाले ना, तेव्हा पण असंच होतं. आधी उशी कापली. मग लोड कापला. एकदा मला जाग आली तर माझा हात ह्यांच्या दोन्ही हातांत, आणि म्हणतायत, हलू नका, दुखलं तर सांगा. डोळे बंद! मी म्हटलं, ह्या माणसाच्या हाताला रोज काहीतरी कापायला नाय दिलं तर एक दिवस माझा नंबर. म्हणून मी गुडघ्यांची सबब काढली."

"म्हणजे काकू, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? पाणी गरम म्हणजे गरम. गिझरचं काय नि लाकडाचं काय." त्यांनी गोधडीची घडी घातली, म्हणजे दोन वेगळ्या घड्या घातल्या. "तू ती सुरी परत दे रे. हे दिवसभर नुसते हात बघत बसतात. मला बघवत नाय. त्यांना मात्र यातलं काही सांगू नकोस, शपथ आहे तुला."

च्यायला! आणि मी इतकी वर्षं त्या माणसावर एका बोंबेचा राग धरून बसलो होतो. त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली.

मी पुन्हा नियमांचं पुस्तक काढलं. या वेळी वाट शोधायला. शेवटी सापडलीच. पुस्तकात लिहिलं होतं की सोसायटीने अग्निशमनाचा सराव घेत राहावा. किती वेळा, ते लिहिलं नव्हतं. पुढच्या सभेत मी ठराव मांडला: 'आवाराच्या मागील बाजूस, पंपाच्या खोलीपलीकडे, भिंतीपासून योग्य अंतरावर रोज सकाळी अग्निशमन सराव घेण्यात यावा. सरावासाठी लागणारी आग सभासदाने स्वतः आणावी. सराव संपल्यावर ती वाळूने विझवावी. सरावादरम्यान तापलेल्या पाण्याची विल्हेवाट सभासदाने आपल्या घरी लावावी.' चेअरमनांनी तो तीनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. पहिल्या थंडीत त्यांनीही अर्धी बादली मागवली.

काकांना सुरी परत मिळाली, वर पिवळं हेल्मेट मिळालं. सोसायटीचे अग्निशमन प्रमुख ना! ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की हेल्मेट घातल्याशिवाय सुरीला हात लावत नसत. पंपाच्या खोलीमागे हाफ पँट, बनियन आणि पिवळं हेल्मेट घातलेला माणूस आंब्याच्या फांदीला विचारतोय, दुखलं तर सांग हं. नवीन भाडेकरू गेटवर वॉचमनला हळूच चौकशी करायचे. वॉचमन सांगायचा, "साहब, ड्रिल है."

रविवारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागलो. मलाही शिकायचं होतं, म्हणजे शिकायचं नव्हतं, बसायचं होतं. माझ्या हातून लाकूड फुटलं तरी वाकडं फुटायचं, आणि माझ्या नवरदेवाच्या सगळ्या मुंडावळ्या तुटून खाली पडायच्या. "टक्कल पडलं ह्याचं," काका म्हणायचे. "ह्याला कोण मुलगी देणार?" मी रागावलो की आणखी हसायचे. "मनगट ढिलं सोड. मीच कापून काढलंय ते, मला माहीताय, चांगलं आहे."

अशाच एका रविवारी काकू वरून खाली आल्या, हंड्यात बोट बुडवून बघितलं, आणि लंगडत परत गेल्या. काका बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग हेल्मेट जरा मागे सारून म्हणाले, "आज उजवा."

"काय उजवा?"

"पाय. काल डावा होता." सुरीवरची साल त्यांनी अंगठ्याने हळूच पुसली. "चौतीस वर्षं मी लंगडणारी माणसं बघितली रे. हिला लंगडता पण येत नाय नीट. कधी हा पाय, कधी तो. एकदा तर जिन्यात विसरलीच, धावत आली, मला बघून मग लंगडली."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत कधी?"

"कशाला? बाई एवढी वर्षं रोज लंगडते माझ्यासाठी. आपण बादलीभर पाणी नाय तापवायचं?" मग दांडकं उगारून मला दम दिला, "तिला सांगशील तर बघ."

म्हणजे आता मला दोन्हीकडच्या शपथा. सेक्रेटरीपद सोपं होतं म्हणायची वेळ आली. त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोवर उगाचच खूश होतो, तिने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

गेल्या थंडीत काका गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाहीत. लाकडं फोडताना नाही, कुठे पडून नाही, आपल्या पलंगावर, झोपेत. काकू मला म्हणाल्या, शेवटी त्यांचे हात चादरीवर नुसते सरळ रेषेत चालत होते. मी मान फिरवली. मला ते ऐकवत नव्हतं.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. पंपाच्या खोलीमागे हंडा पालथा पडून होता, त्यावर हेल्मेट. सराव बंद. एके दिवशी सकाळी सातला दाराची बेल वाजली. काकू.

"गिझरचं पाणी लागत नाय रे अंगाला," म्हणाल्या. "गुडघे धरलेत माझे. तुला येतं ना ते?"

मी हसणार होतो. खरंच, तोंडाशी आलं होतं, काकू, आता कशाला. मग त्या लिफ्टकडे चालल्या आणि मी बघितलं. डावा पाय. मी दार ओढून घेऊन त्यांच्या मागे गेलो, खाली आवारातून पंपाच्या खोलीपर्यंत, आणि सबंध वाटभर डावाच पाय होता. दुसऱ्या दिवशीही डावाच. तिसऱ्या दिवशीही.

त्या पहिल्या सकाळी काकूंनी सुरी पदराआडून काढून दिली. मी मूठ धरली. काकांची बोटं माझ्यापेक्षा जाड, त्यांच्या खड्ड्यांत माझी बोटं सैल पडत होती. काकू म्हणाल्या, दसऱ्याला नवीन प्लास्टर घाल, तुझ्या हाताचं. मी म्हटलं, बघू. घालणार नाही मी. सैल तर सैल.

मला सात काड्या लागल्या. माझा नवरदेव टकला, वऱ्हाडी ओले, मुलीकडच्यांनी सहा वेळा नाही म्हटलं. काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोजत होत्या. "ह्यांना एक लागायची," दर काडीला म्हणायच्या. हेल्मेट घातलं नाही म्हणूनही ओरडल्या. ते माझ्या डोळ्यांवर येतं, पण घातलं.

आता पाच महिने झाले. चार काड्यांवर आलोय. ऑफिसला रोज उशीर होतो, आणि साहेबांना अग्निशमन सराव म्हणून सांगतो. हाळी मात्र मी देत नाही. काकू शेजारीच बसलेल्या असतात, हाळी द्यायची कुणाला?

काल फणसाचं एक लाकूड आलं होतं, चांगलं वाळलेलं. मी ते उभं धरलं, धार टेकवली, दांडकं उचललं आणि माझ्याही नकळत तोंडातून गेलं, "दुखलं तर सांग हं."

मागे खुर्चीवर काकू होत्या.

"दुखतंय रे," त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं नाही. ठोका मारला, जरा हळू.